दर्यापूरचं कॉस्मेटिकचं दुकान: खाऱ्या पाण्यावाल्यांसाठी रिव्ह्यू

दर्यापुरात बसस्टँडकडून मार्केटमध्ये शिरलं की एका ताईचं कंगन आणि कॉस्मेटिकचं दुकान आहे, नाव टाकत नाही कारण ताईच म्हणाली "नोको टाकू व माय, आधीच बसाले जागा नाही". पण लिहायचं तं होतंच. आमच्याकडच्या बायका चेहऱ्यासाठी बम पैसा घालवतात आणि गिऱ्हाईकाले तोंडावर "हे नको घेऊ" म्हणणारं दुकान मी तरी हेच एक पाहिलं.

आधी पाण्याचं सांगते, त्याच्याशिवाय पुढचं समजणार नाही. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, पूर्णेच्या काठचा अमरावती-अकोला-बुलढाण्याचा पट्टा. नळ आला तं ठीक, नाहीतर बोअर, आणि बोअरच्या पाण्यात साबणाचा फेसच होत नाही. फेस नाही म्हणून माणूस अजून घासते, आणि साबण न् पाण्यातले क्षार मिळून जो चिकट पांढरा थर बादलीला धरते तोच अंगावरही राहते, मग तोंड धुतल्याबरोबर ताणल्यासारखं होते, गालाले खाज सुटते, पोरी म्हणतात माझी स्किन ड्राय आहे. स्किन काहून ड्राय राहील, पाणी तसं आहे!

ताईचा पहिला प्रश्न हाच असतो, "तोंड धुवाले पाणी कोणतं, नळाचं का बोअरचं?" बोअरचं म्हटलं की ती नेहमीचा साबण काउंटरवरून मागे सरकवते आणि सिंडेट बार दाखवते, म्हणजे दिसायला साबणासारखाच पण साबण नसलेला, त्याचा या पाण्यात थर धरत नाही आणि कातडीही कमी ओढते. महाग आहे, नेहमीच्या साबणाच्या तिप्पट-चौपट पडते, म्हणून तिचा सल्ला असा की तो फक्त तोंडाले ठेवा, अंगाले साधा चालते. साधा घेताना मागचं टीएफएम, म्हणजे साबणातल्या एकूण स्निग्धांशाचं प्रमाण, बघा म्हणते, पहिल्या ग्रेडच्या टॉयलेट सोपमध्ये ते किमान 76 टक्के लागते, आणि पाकिटावर बारीक अक्षरात "बेदिंग बार" लिहिलं असेल तं ती गोष्ट वेगळी, तिले टॉयलेट सोपच्या भावात घेऊ नका. अजून एक, घरी आरओची कॅन येत असेल तं शेवटचा एक मग त्याच पाण्याचा तोंडावर मारायचा. फुकटचा उपाय आहे आणि मला फरक सगळ्यात जास्त याचाच पडला, विकत घेतलेल्या कोणत्याही क्रीमपेक्षा.

मॉइश्चरायझरच्या बाबतीत ती चक्क धंदा बुडवते. शंभर-दोनशेच्या बाटलीकडे हात गेला की व्हॅसलिनची छोटी डबी पुढे करते. तोंड धुतल्यावर पुसायचं नाही, थोडं ओलं असतानाच लावायचं, कारण जेली स्वतः पाणी देत नाही, असलेलं धरून ठेवते. ग्लिसरीनचंही तसंच, आमच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत सुक्या तोंडावर नुसतं ग्लिसरीन थापून उपयोग नाही. पिंपल्सवाल्या पोरींले मात्र ती जेली देत नाही, हलकं जेलवालं लोशन देते, आणि पिंपलवर टूथपेस्ट किंवा लिंबू लावतो म्हणणाऱ्याले जे बोलते ते इथं लिहिता येणार नाही 😄

आता सनस्क्रीन. इथं मी दुकानाचे मार्क कापणार आहे. माल चांगला आहे, एसपीएफ 30 आणि 50 दोन्ही, पीए वर तीन-चार प्लस असलेलं, आणि ती समजावूनही सांगते की एसपीएफ म्हणजे जाळणाऱ्या किरणांसाठी आणि पीए म्हणजे काळवंडवणाऱ्या किरणांसाठी, दोन्ही बघायचं, आणि 30 साधारण 97 टक्के अडवते न् 50 साधारण 98, तं दुप्पट पैसे देऊन दुप्पट फायदा होत नाही. हे सगळं बरोबर. पण ट्यूब ठेवल्या कुठं, तं पश्चिमेकडच्या काचेच्या शोकेसमध्ये, दुपारभर ऊन त्याच्यावरच. बाहेर 44-45 डिग्री असताना त्या काचेच्या आत काय होत असेल! सनस्क्रीन गरमीत खराब होते हे तिलेही माहीत आहे, "जागाच नाही व" म्हणते. तुम्ही गेले तं शोकेसमधली घेऊ नका, आतल्या कपाटातली मागा आणि तारीख बघूनच घ्या.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. दोन बोटांवर लांब रेघ काढून जेवढी येते तेवढी तोंडाले आणि मानेले लागते आणि उन्हात असलं तं दोन तासांनी परत. या हिशोबानं 50 ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरली तं नशीब. निंदणाले जाणाऱ्या बाईले हे परवडणार आहे का? नाही. ताई त्यांच्याशी सनस्क्रीनच्या गोष्टीच करत नाही, सुती मोठा स्कार्फ देते, नाकावरून बांधायचा, अंगात नवऱ्याचं जुनं फुल बाह्यांचं शर्ट तं असतेच. घामानं वाहून जाणाऱ्या क्रीमपेक्षा कपडा कधीही बरा. पण ज्यांच्या गालावर वांग आहे त्यांले मात्र ती दोन्ही करायला लावते, कारण ऊन लागत राहिलं तं वांगावरचा कोणताच इलाज टिकत नाही. अशांसाठी तिच्याकडे टिंटवाली सनस्क्रीन आहे, त्यात आयर्न ऑक्साइड असते, ते उन्हातला दिसणारा प्रकाशही अडवते आणि साधी सनस्क्रीन तो नीट अडवत नाही. शेड एकच आहे आणि तो आपल्या रंगाले फिका पडते. हा दुसरा अर्धा मार्क गेला.

आणि आता ज्याच्यासाठी हे दुकान मला खरंच आवडते ते. बिना नावाच्या डबीतली गोरं करायची क्रीम. पार्लरमध्ये मिळते, बाजारात मिळते, आठ दिवसात फरक म्हणतात आणि फरक पडतेही, तेच तं भेव आहे. अकोल्याची बातमी 2023 मध्ये पेपरात आली होती ती आठवते का? एकाच घरातली मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींच्याही किडनीले त्रास, आणि मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये तपासणी झाली तं त्या लावत होत्या त्या क्रीममध्ये पारा निघाला. पारा रंग तयार होणं थांबवते म्हणून उजळ दिसते, पण कातडीतून आत जाऊन किडनीवर बसते. ताई अशी डबी ठेवतच नाही, आणि गिऱ्हाईकानं दुसरीकडून आणलेली दाखवली तं उलटी करून बघते: कंपनीचा पत्ता, लायसन नंबर, बॅच, तारीख, बाहेर देशातली असेल तं इथला रजिस्ट्रेशन नंबर. यातलं काही नसेल तं "घरी नेऊन लावू नोको, कोणाले देऊ बी नोको." एक खूण मला तिच्याकडूनच कळली, डबीवर "सोन्याचांदीच्या दागिन्याले लागू देऊ नका" असं काही लिहिलं असेल तं समजायचं आत पारा असू शकते.

दुसरा प्रकार मेडिकलमधल्या ट्यूबचा. हे अजून जास्त घरात आहे कारण ते मेडिकलमधून येते म्हणून लोकांले सेफ वाटते. कोणाले तरी डॉक्टरनं गजकर्णासाठी लिहून दिलेली असते, ती बहिणीले, बहिणीची जाऊले, असं करत गावभर फिरते आणि फेअरनेस क्रीम म्हणून रोज लागते. मागे बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन यातलं काही दिसलं की ते स्टेरॉइड आहे, 2018 पासून अशा बऱ्याच क्रीम चिठ्ठीशिवाय विकायले मनाई आहे तरी मिळतात. सुरुवातीले तोंड काचेसारखं दिसते, मग कातडी पातळ होते, लाल होते, पिंपल येतात, गालावर लव वाढते, आणि बंद केली की अशी आग होते की बाई परत तीच लावते. ज्यांची आधीच सुरू आहे त्यांले ताई आपलं काही विकत नाही, अमरावतीले कातडीच्या डॉक्टरकडे जा म्हणते, अचानक बंदही करू नका, डॉक्टर कमी करत आणतील. हे ऐकून एक बाई माझ्यासमोर रागावून निघून गेली, ताईनं शांतपणे बांगड्यांची पेटी आवरायले घेतली.

मेकअपचं थोडक्यात, कारण त्यात दुकान साधारणच आहे. लिपस्टिक मरून, विटकरी, ब्राउन छान आहेत, काजळ चांगलं, पावडर आहे. फाउंडेशन मात्र सगळे गोऱ्या शेडचे, लावलं तं गिरणीतून दळण घेऊन आल्यासारखं तोंड दिसते. टेस्टर हाताच्या पंज्यावर नाही, जबड्याजवळ लावून दुकानाबाहेर उजेडात बघा, आतल्या ट्यूबलाइटमध्ये सगळंच मॅच वाटते. मे महिन्यातल्या लग्नाले तसंही फाउंडेशन टिकत नाही, टिंटवाली सनस्क्रीन, वरून पावडर, काजळ, लिपस्टिक, एवढ्यावर भागते. लिपस्टिकचं टेस्टर सरळ ओठाले लावू नका, सगळ्या गावाची लागलेली असते.

टिकलीचं राहिलंच. कपाळावर टिकलीच्या जागी खाज किंवा पांढरा डाग येत असेल तं तो टिकलीच्या गोंदातल्या केमिकलनं येऊ शकते. ब्रँड बदलून बघू म्हणत बसू नका, टिकली लगेच बंद करा न् डॉक्टरले दाखवा. ताईकडे पिंजर न् मेणाची डबी मिळते, पण तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूले लावून दोन-तीन दिवस बघा.

पाचपैकी चार. बाजाराच्या दिवशी जाऊ नका, ताईले बोलायले टाइम नसते आणि तिची पोरगी काउंटरवर असली तं ती सगळंच चांगलं म्हणते. दुपारी जेवायच्या टाइमले शटर अर्धं असते, आवाज द्या, उघडते. फोनपे चालते पण नेटवर्क गेलं की गेलं, कॅश असू द्या जवळ.