कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं प्रवेश मार्गदर्शन केंद्र: कागदपत्रांत चोख, पसंतीक्रमात ढिलं

इंजिनिअरिंगच्या कॅप (केंद्रीकृत प्रवेश प्रक्रिया) प्रवेशासाठी या केंद्राची खरी ताकद कागदपत्रांत आहे. जातपडताळणीचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करायला लावतात, हे फार मोलाचं. ऐन जूनमध्ये धावाधाव केली आणि प्रमाणपत्र मुदतीत आलं नाही, तर राखीव जागा हातची जाते. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध आहे का, तेही बघतात.

कॉलेजांचा पसंतीक्रम मात्र सगळ्यांना एकाच छापील यादीवरून भरून देतात. हे चुकीचं आहे. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला की सीट आपोआप फ्रीझ होते, म्हणजे तीच पक्की होते आणि पुढच्या फेरीत बदलता येत नाही. त्यामुळे सांगलीचं वालचंद कॉलेज हवं असेल तर कोल्हापूरचं केआयटी कॉलेज यादीत त्याच्या वर ठेवून चालत नाही. गेल्या वर्षीचे कटऑफ शाखा आणि प्रवर्गानुसार स्वतः तपासा. लॉगिनचा पासवर्डही आपल्याकडेच ठेवा.