ओपन फाइल दिली आणि कोल्हा गेला

मी लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते, बारा वर्षं झाली, तरी फसले, म्हणून लिहितेय. पुण्यातलाच प्रकाशक, नाव घेत नाही. फोनवर इतका गोड, म्हणे "ताई, तुमच्या रेषेत दलाल दिसतात." दीनानाथ दलालांसारख्या मोठ्या चित्रकाराचं नाव काढलं की आपण विरघळतोच, तिथंच सावध व्हायला हवं होतं. ठरलं काय तर २४ चित्रं, प्रत्येकी १५०० रुपये, कव्हरचे ५००० वेगळे, ॲडव्हान्स फक्त ५०००. आणि करार? "आपल्यात कसला करार ताई!"

कच्ची रेखाटनं ओके झाली, मग रंग, मग कोल्ह्याची शेपटी तीनदा बदलली (लेखकाच्या बायकोला आवडेना, शप्पथ). शेवटी एकदा रात्री साडेदहाला फोन, प्रेस थांबलंय, अक्षरं बसवायचीत, ओपन फाइली पाठवा, बिल उद्याच क्लिअर करतो. ओपन म्हणजे कोल्हा, झाडं, आकाश सगळं वेगवेगळ्या थरांत (लेयर) सुटं असलेली मूळ फाइल. मी पाठवल्या, सगळ्या लेयरसकट, ३०० डीपीआय, म्हणजे छपाईला चालेल इतक्या बारकाईच्या. नुसतं जेपेग, म्हणजे सगळे थर एकत्र चिकटलेलं चित्र, दिलं असतं तर कोल्हा जंगलातून इतका स्वच्छ सुटा तरी करता आला नसता.

तो उद्या काही उगवला नाही. अकाउंटंट सुट्टीवर, मग जीएसटीची गडबड, मग फोनच उचलेनात. पाचेक महिन्यांनी अप्पा बळवंत चौकात भाचीसाठी पुस्तकं बघत होते तर समोर माझा कोल्हा, पुस्तकावर होताच पण अंकलिपीवर पण आणि रंगवायच्या वहीवर पण, आणि चित्रकार कोण तर "संपादन विभाग"!

वकील मैत्रिणीने १९५७ चा कॉपीराइट कायदाच समोर ठेवला. १७व्या कलमात पैसे देऊन काढवून घेतलेल्या पेंटिंगच्या कॉपीराइटचा मालक काढवून घेणाराच धरतात, उलटं काही ठरलेलं नसेल तर, म्हणजे "आपल्यात कसला करार" कुणाच्या सोयीचं होतं बघा. नाव मागायचा हक्क मात्र ५७व्या कलमाने माझाच राहतो. नोटीस गेल्यावर २०,००० आले, १६,००० अजून बाकी.

आता आधी एका पानावर लिहून सह्या, कुठलं पुस्तक, किती आवृत्त्या, किती वर्षं, बाकी कशावर वापरायचं नाही, दुरुस्त्या दोनच फुकट. पैसे पूर्ण येईपर्यंत ७२ डीपीआय, नुसतं स्क्रीनवर बघण्यापुरतं, आणि चित्रावर आडवं माझं नाव, ओपन फाइल तर नाहीच.

मागच्या मंगळवारी त्यांच्याच ऑफिसातून मेसेज, "ताई, कोल्ह्याची ओपन फाइल परत मिळेल का, आमच्याकडची करप्ट झालीय."