ओली तार, कोरडी तार: टेरुमोच्या गाइडवायरविषयी

मिरजेतील एका रुग्णालयात मी मूत्रविकारांच्या शस्त्रक्रिया करतो. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ अशा कोरड्या तालुक्यांतून मूतखड्याचे रुग्ण इतके येतात की आमच्या थिएटरमध्ये मूत्रवाहिनीत तार घालावी लागली नाही असा दिवस क्वचितच जातो. दुर्बीण, लेझर आणि सी-आर्म (शस्त्रक्रिया चालू असताना क्ष-किरणांचे चित्र पडद्यावर दाखवणारे यंत्र) यांच्याविषयी सगळेच बोलतात. ज्या तारेच्या आधाराने दुर्बीण शरीरात वाट काढते, तिच्याविषयी मराठीत लिहिलेले माझ्या वाचनात फारसे आले नाही. म्हणून जपानच्या टेरुमो कंपनीच्या निसरड्या गाइडवायरविषयी, कित्येक वर्षांच्या वापरानंतर, हा अभिप्राय लिहीत आहे. आमच्याकडे हे नाव इतके रुळले आहे की ‘टेरुमो द्या’ म्हटल्यावर सिस्टर कोणत्याही कंपनीची निसरडी तार पुढे करतात. येथे मात्र टेरुमो म्हणजे टेरुमोच.

ही तार हातात घेतली की काळसर, गुळगुळीत दोरीसारखी वाटते आणि धातू कोठेच दिसत नाही. आत निकेल व टायटॅनियम यांच्या मिश्रधातूचा, म्हणजे नायटिनॉलचा, एकसंध गाभा असतो. या नावातली शेवटची अक्षरे अमेरिकेच्या ज्या नौदल प्रयोगशाळेत हा मिश्रधातू घडला तिच्या नावावरून आली आहेत. पोलादाची तार एकदा मुडपली की तो मोड कायम राहतो. नायटिनॉल मात्र बरेच वाकवूनही सोडताच पुन्हा सरळ होते. गाभ्यावर पॉलियुरेथेनचे आवरण असते आणि त्यात टंगस्टनची बारीक भुकटी मिसळलेली असल्यामुळे तार क्ष-किरणांत ठळक दिसते. सर्वांत बाहेर पाणी धरून ठेवणाऱ्या पॉलिमरचा पातळ थर असतो, आणि या तारेची किंमत खरे तर त्या थराची आहे.

हा थर कसा काम करतो ते समजायला सब्जाचे बी पुरेसे आहे. कोरडे बी चिमटीत सहज धरता येते; पाण्यात भिजले की त्याच्याभोवती बुळबुळीत आवरण फुगते आणि बी बोटांत ठरत नाही. तारेवरच्या पॉलिमरच्या लांब साखळ्याही अशाच पाणी शोषून फुगतात, आणि मग मूत्रवाहिनीच्या भिंतीला तार घासते ती पाण्याच्या पातळ थरावरून. पाणी नसेल तर हाच थर निसरडा तर राहत नाहीच, उलट किंचित चिकट होतो, आणि कोरडी टेरुमो साध्या तारेपेक्षाही वाईट चालते.

अवघड भाग आहे तो हा थर टिकवण्याचा. धातूच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पापुद्रा असतो आणि त्यावर पॉलिमर सहजासहजी चिकटत नाही. त्यातून वरचा थर पाण्याने फुगणारा आणि आतला धातू न फुगणारा, त्यामुळे जोडाच्या रेषेवर सतत ताण येतो. धातूवर थेट निसरडा लेप न देता मध्ये पॉलियुरेथेन ठेवण्याचे महत्त्व मला येथेच दिसते, कारण पॉलिमर पॉलिमरला धरतो आणि आवरण गाभ्याभोवती सलग नळीसारखे बसते. आमच्या मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारे कारागीर तार घोडीला नेमकी कोठे आणि किती टेकते यासाठी तासन्‌तास घालवतात. तार आणि तिला स्पर्श करणारा पृष्ठभाग यांच्यातल्या केसभर अंतरावर सगळे अवलंबून असते, हे या गावाला समजावून सांगावे लागत नाही.

टेरुमोची तुलना करायची ती टेफ्लॉनचा लेप असलेल्या पोलादी तारेशी. टेफ्लॉन १९३८ साली रॉय प्लंकेट यांना अमेरिकेत अनपेक्षितपणे सापडले आणि आजही ते धातूवर देण्याच्या लेपांत मानाचे स्थान राखून आहे. त्याला पाण्याची गरज नाही, ते रासायनिकदृष्ट्या जवळजवळ निष्क्रिय आहे आणि तार स्वस्तात मिळते. परंतु ज्या गुणामुळे त्याला काही चिकटत नाही, त्याच गुणामुळे तेही धातूला मनापासून चिकटत नाही. पृष्ठभाग खरखरीत करून, मधला प्राथमिक थर देऊन आणि भट्टीत तापवून त्याला बसवावे लागते. या कामात कसूर झाली तर काय होते ते मी पाहिले आहे. एका स्वस्त कंपनीच्या हिरव्या तारेवरून दुर्बीण आत सरकवत असताना पडद्यावर हिरवट कण तरंगताना दिसले, आणि तार बाहेर काढून पाहिली तेव्हा दोन ठिकाणी पोलादाची गुंडाळी उघडी पडली होती. रुग्णाला अपाय झाला नाही, पण सगळे कण धुऊन काढेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्या दिवसापासून कोणतीही लेपाची तार आत घालण्यापूर्वी ती ओल्या हातमोज्याच्या दोन बोटांतून पूर्ण लांबीभर फिरवून पाहतो.

टेरुमोची खरी परीक्षा होते ती मूत्रवाहिनीत घट्ट रुतून बसलेल्या खड्यापाशी. आजूबाजूचे आतले अस्तर सुजलेले, वाट जवळपास बंद; तेथे पोलादी तार खड्याला धडकून थांबते आणि जोर लावला तर भिंतीत घुसण्याची भीती असते. वाकडे टोक असलेली टेरुमो चिमटीत हलकेच फिरवत नेली की बहुतेक वेळा ती खड्याच्या कडेची फट शोधते, आणि सी-आर्मच्या पडद्यावर तिची काळी रेघ मूत्रपिंडाकडे वर सरकताना दिसते तेव्हा निम्मी शस्त्रक्रिया पार पडल्यासारखे वाटते. एका खड्यापाशी सगळे उपाय थकले असता या तारेने वाट काढून दिली, असा अनुभव मला इतक्या वेळा आला आहे की तिच्याशिवाय अशा रुग्णाला टेबलवर घेणे मी योग्य मानत नाही.

हाच निसरडेपणा नंतर अडचणीचा ठरतो. जी तार सहज आत जाते ती सहज बाहेरही येते, आणि दुर्बीण किंवा डबल-जे स्टेंट (मूत्रवाहिनी उघडी ठेवणारी मऊ नळी) सरकवताना मदतनिसाची पकड जरा ढिली झाली तर मिळवलेली वाट हातची जाते. निसरड्या लेपाच्या सर्वच तारांचा हा स्वभाव आहे. म्हणून अडथळा पार झाल्यावर तिच्यावरून बारीक कॅथेटर वर न्यावा, टेरुमो काढून घ्यावी आणि तिच्या जागी टेफ्लॉनची ताठ तार सुरक्षेसाठी ठेवावी. सुरक्षेची तार म्हणून टेरुमोच ठेवण्याचा मोह नवशिक्यांना होतो, तो टाळावा.

हाताळणीत सर्वांत मोठी चूक होते ती धातूच्या सुईची. पाठीतून छिद्र पाडून खडा काढताना आधी सुई मूत्रपिंडात जाते आणि सुईतून तार. या अवस्थेत तार सुईतून मागे ओढली तर सुईची धारदार कड पॉलिमरचे आवरण तासून काढते. मागे घ्यावेच लागले तर सुई आणि तार एकत्र बाहेर घ्यावीत. मूत्रमार्गात सुटलेला कण लघवीवाटे निघून जाण्याची शक्यता तरी असते; रक्तवाहिनीत तो पुढे वाहत जाऊन बारीक वाहिनीत अडकतो. रक्तवाहिन्यांत वापरायच्या साधनांवरील निसरडे लेप सुटण्याविषयी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधे व वैद्यकीय साधनांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, नोव्हेंबर २०१५ मध्ये डॉक्टरांना सावध करणारी सूचना काढली होती, ती हृदयरोगतज्ज्ञांनी आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांनी आवर्जून वाचावी. बाकीची पथ्ये साधी आहेत. तार ज्या प्लॅस्टिकच्या वेटोळ्यात येते त्यात सिरिंजने सलाईन भरूनच ती बाहेर काढावी, मध्येच बाजूला ठेवली तर पुन्हा भिजवावी, कोरड्या गॉजने किंवा स्पिरिटने पुसू नये. आमच्या ट्रॉलीवर एवढे मराठीत लिहून चिकटवले आहे आणि नव्या सिस्टरला पहिल्या दिवशी ते वाचायला लावतो.

तारेच्या पुनर्वापराविषयी मी स्पष्ट लिहिणार आहे. ही तार एकाच वापरासाठी असल्याचे पाकिटावर छापलेले असते, तरीही गॅसने निर्जंतुक करून ती पुन्हा वापरण्याची प्रथा लहान गावांत आहे आणि सुरुवातीची काही वर्षे मीही ती पाळली. सरकारी आरोग्य योजनेच्या ठरीव पॅकेजमध्ये महाग तार बसवताना रुग्णालयाची ओढाताण होते, हे मला मान्य आहे. परंतु फुगलेला थर वाळताना आक्रसतो, त्यात अडकलेली प्रथिने धुऊन पूर्ण जातील याची खात्री देता येत नाही, आणि दुसऱ्यांदा भिजवलेल्या तारेवर कोठे कोरडा, कोठे बुळबुळीत असे पट्टे बोटांना कळतात. ज्या गुणासाठी पैसे मोजले तोच गेलेला असतो आणि जंतुसंसर्गाचा धोका तेवढा उरतो. आता मी असे करतो की साध्या रुग्णात पाकीट फोडतच नाही. आधी टेफ्लॉनची तार घालून पाहतो आणि ती अडली तरच टेरुमो मागतो. त्यामुळे महिन्याचा वापर पुष्कळ कमी झाला आणि प्रत्येक तार नवी वापरणे परवडू लागले.

खरेदी करणाऱ्यांसाठी इतकेच, की मूत्रवाहिनीच्या कामाला ०.०३५ इंच, म्हणजे सुमारे ०.८९ मिलिमीटर जाडीची आणि १५० सेंटिमीटर लांबीची तार पुरते. सरळ आणि वाकड्या टोकाची तार वेगवेगळी मिळते. एकच घेणे शक्य असेल तर वाकड्या टोकाची घ्यावी, कारण ती फिरवून दिशा देता येते. ताठ गाभ्याचा प्रकार पहिल्या प्रयत्नात मी वापरत नाही. पाकिटावरील मुदत दुकानातच पाहून घ्यावी आणि पेट्या उन्हाच्या झळा लागणाऱ्या खिडकीपाशी रचू नयेत, कारण उष्णतेने धातूचे काही बिघडले नाही तरी पॉलिमर लवकर म्हातारा होतो, आणि आमच्याकडचा एप्रिल-मे त्या दृष्टीने कठीण असतो.