काळप्रवासाची पाच पुस्तकं: घरातल्या किशोरवयीन वाचकाला आधी कुठलं द्यावं?

काळप्रवासाची कादंबरी निवडताना बहुतेक जण त्यातलं यंत्र कसलं आहे ते विचारतात. इथे ज्या पाच इंग्रजी पुस्तकांचा विचार केलाय, त्यांतल्या एकातही यंत्र नाही. कुठे घड्याळ आहे, कुठे वसतिगृहातली खाट, कुठे घराचं दार. विचारायला हवं ते एवढंच, की झालेलं बदलता येतं का? जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये विश्वासराव गोळीतून वाचतात आणि इतिहासाला वेगळी वाट फुटते. तशी वाट या पाचांपैकी एकातच थोडीफार फुटते. बाकी चारांत झालेलं झालंच असतं, फक्त ते कुणाच्या वाट्याला कसं आलं हे उशिरा कळतं. या पुस्तकांत डोळे भरून येतात ते त्या उशिरा कळण्यामुळे.

बारा ते पंधरा वयासाठी एकच पुस्तक घ्यायचं असेल तर रेबेका स्टेड यांचं ‘व्हेन यू रीच मी’ घ्यावं. 2009 साली आलेल्या या कादंबरीला 2010चं न्यूबेरी पदक (अमेरिकेतला बालसाहित्याचा मोठा पुरस्कार) मिळालं. काळ 1978-79 चा, शहर न्यू यॉर्क. सहावीतली मिरांडा आणि त्याच इमारतीतला साल नावाचा मुलगा लहानपणापासूनचे दोस्त. एके दिवशी रस्त्यात एक मुलगा सालला ठोसा मारतो, आणि त्यानंतर साल मिरांडाशीच बोलणं टाकतो. मग तिला चिठ्ठ्या सापडू लागतात, आणि त्यांत अजून न घडलेल्या गोष्टी लिहिलेल्या असतात. सगळं पुस्तक म्हणजे तिने कुणा एका ‘तू’ला सांगितलेली हकीकत आहे. हा ‘तू’ कोण, ते शेवटाकडे उलगडतं.

अडचण सुरुवातीच्या पन्नासेक पानांत येते. दोन-तीन पानांची सुटी सुटी प्रकरणं वाचून ‘यात काहीच घडत नाही’ म्हणून पुस्तक खाली ठेवलं जातं. त्यावर उपाय सोपा आहे. वहीचं एक पान घ्यायचं आणि चार गोष्टींवर नजर ठेवायची: लपवलेली किल्ली, चोरीला गेलेले बूट, दोन डॉलरच्या नोटा आणि कोपऱ्यावर उभा राहणारा विक्षिप्त माणूस. प्रत्येक चिठ्ठी कुठे सापडली आणि तिने काय मागितलं, तेही टिपायचं. शेवटी या नोंदी एकमेकींत बसतात तेव्हाचा आनंद दुसऱ्याने सांगून मिळत नाही. म्हणून इंटरनेटवर कथानक आधी वाचू देऊ नका.

आपल्याकडच्या मुलांना आणखी एक अडखळ लागते. मिरांडाच्या आईची ‘ट्वेंटी थाउजंड डॉलर पिरॅमिड’ या टीव्हीवरच्या खेळात निवड झालेली आहे. त्यात एका स्पर्धकाने उदाहरणं द्यायची आणि दुसऱ्याने ती सगळी कुठल्या गटातली ते ओळखायचं. बऱ्याच प्रकरणांची शीर्षकंही ‘अमुक करण्याच्या गोष्टी’ अशा गटांचीच आहेत. एवढं आधी सांगितलं की शीर्षकं वाचायलाही मजा येते. मिरांडा सतत मॅडलिन लेंगल यांचं 1962चं ‘अ रिंकल इन टाइम’ वाचत असते. ते आधी वाचलंच पाहिजे असं नाही. त्यातली मुलं निघण्याच्या आधीच परत पोहोचतात, तर मग त्यांनी स्वतःला येताना पाहायला नको होतं का, हा वाद पुस्तकातच सविस्तर आहे. काळप्रवासाचं गणित इतक्या साध्या शब्दांत क्वचितच कुणी मांडलं असेल.

त्याच्या शेजारी ठेवण्याच्या तोलाचं पुस्तक म्हणजे फिलिपा पीअर्स यांचं ‘टॉम्स मिडनाइट गार्डन’, 1958चं, बालसाहित्यासाठीच्या ब्रिटिश कार्नेगी पदकाचं मानकरी. भावाला गोवर आला म्हणून टॉमला मावशीकडे पाठवतात. तिथे बाग नाही, खेळायला सोबती नाही. खालच्या प्रवेशदालनातलं उंच घड्याळ एका रात्री तेरा ठोके देतं आणि मागचं दार उघडल्यावर समोर भलीमोठी बाग असते. बागेत हॅटी नावाची मुलगी आहे. टॉमच्या रात्री एकापाठोपाठ एक येतात. हॅटीकडे मात्र मध्ये महिने जातात, कधी वर्षं. एकदा तर वादळात कोसळलेलं झाड पुढच्या खेपेला पुन्हा उभं दिसतं. टॉम आहे तेवढाच राहतो, हॅटी मोठी होत जाते.

स्टेडच्या पुस्तकात डोक्याला काम असतं, पीअर्सच्या पुस्तकात धीर लागतो. स्टेडची वाक्यं आखूड आणि बोलीतली आहेत. मराठी माध्यमातला नववीचा मुलगा शब्दकोश हाताशी घेऊन ती वाचू शकेल. पीअर्सचं इंग्रजी जुन्या वळणाचं, बागेची वर्णनं लांबलचक, झाडांची नावं अनोळखी. पण बर्फावर घसरत जाण्याच्या बुटांचा प्रसंग आला की सगळे कष्ट वसूल होतात. हॅटीने तिच्या काळात लपवून ठेवलेले बूट टॉमला त्याच्या काळात सापडतात, आणि मग दोघं एकाच वेळी, एकाच जोडावर, गोठलेल्या नदीवरून जातात. हे ‘लहान मुलांचं’ पुस्तक म्हणून चौदा-पंधराच्या वाचकापासून दूर ठेवणं फार चुकीचं आहे. त्याचा शेवट दहाव्या वर्षी आवडतो, पण समजायला लागतो तो थोडं मोठं झाल्यावर.

टॉम आवडला तर पुढे पेनेलपी फार्मर यांचं ‘शार्लट समटाइम्स’, 1969चं. निवासी शाळेतली शार्लट सकाळी उठते ती 1918मध्ये, क्लेअर नावाच्या मुलीच्या जागी. दोघी एकाआड एक दिवस अदलाबदल होतात आणि वहीतून एकमेकींना निरोप ठेवतात. आपण बदललो तरी कुणाच्या लक्षातही येत नाही, ही धास्ती त्या वयात फार जवळची वाटते. जुनी प्रत मिळाली तर तीच घ्या, 1985च्या सुधारित आवृत्तीत शेवटाकडचा काही भाग वगळला आहे.

उरलेली दोन पुस्तकं घरातल्या मोठ्या माणसाने आधी वाचल्याशिवाय देऊ नयेत.

लॉरेन ऑलिव्हर यांचं ‘बिफोर आय फॉल’ 2010चं, साडेचारशेच्या वर पानांचं. शाळेतली लोकप्रिय सॅम 12 फेब्रुवारीच्या रात्री मोटार अपघातात मरते आणि तोच दिवस सात वेळा जगते. वर म्हटलेली वाट फुटते ती याच पुस्तकात, पण दिवस बदलला म्हणून सगळं सुटत नाही. सुरुवातीची सॅम दुष्ट वाटते आणि तिथेच वाचक चिडतो. ती तशीच दाखवलेली आहे, पहिल्या दोन दिवसांपुरतं सोसावं लागतं. वर्गातला छळ, दारू, शरीरसंबंध, आत्महत्या हे सगळं उघडपणे आलेलं आहे. सोळाच्या आत नको, आणि नंतर बोलायला कुणीतरी हवं.

जेन योलन यांचं ‘द डेव्हिल्स अरिथमेटिक’ (1988) त्याच्या निम्म्याहूनही लहान आहे, पण त्याहून जड. पासओव्हर या ज्यू सणाच्या जेवणाला कंटाळलेली ज्यू मुलगी हॅना दार उघडते आणि 1942च्या पोलंडमध्ये पोहोचते, तिथून नाझी छळछावणीत. पुढे काय होणार हे तिला इतिहासातून ठाऊक आहे, पण सांगून कुणी ऐकत नाही. केस भादरल्यावर तर तिच्या स्वतःच्याच आठवणी पुसट होतात. आठवी-नववीत दुसरं महायुद्ध शिकून झालं असेल तर द्या. त्याआधी दिलं तर भीती तेवढी उरते, संदर्भ उरत नाही.

घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर ही दोन्ही काही महिने बाजूला ठेवा. अशा वेळी टॉमचं पुस्तक बरं. रोज रात्री एक प्रकरण मोठ्याने वाचून दाखवा, कठीण शब्द तिथल्या तिथे सांगा. शेवटची तीन प्रकरणं मात्र तोडू नका, सुटीच्या दिवशी एकाच बैठकीत वाचा. मध्ये थांबलात तर टॉमच्या सर्वांत वाईट रात्रीवर पुस्तक मिटेल, आणि ऐकणारं मूल त्याच रात्रीत झोपी जाईल.