फॉक्स प्लेन : घ्यावा की फुटपट्टीवर भागवावं?

गेल्या पावसाळ्यात स्टीलचा फॉक्स प्लेन घेतला, म्हणजे कवळीचे दात ज्या पातळीत बसवायचे ती तिरकी नाही ना ते बघायचं अवजार. तोवर कवळीच्या पेशंटच्या तोंडात वॅक्स रिम (दातांच्या जागी येणारी मेणाची कड) घालायची, गालाशी फुटपट्टी धरायची आणि नजरेने ठरवायचं, असंच चालू होतं. तालुक्याच्या गावात बऱ्याच दवाखान्यांत आजही तसंच चालतं आणि त्यातून चांगल्या कवळ्याही निघतात. त्यामुळे या वस्तूने कवळी आपोआप सुधारते असं मी म्हणणार नाही. पण प्लेन, म्हणजे दातांची पातळी, कुठे तिरका गेलाय ते दात बसवायच्या आधी दिसतं, आणि माझे पैसे तिथेच वसूल झाले.

कॉलेज सुटल्यापासून ज्यांनी हा हातात धरला नाही त्यांच्यासाठी : तोंडात जाणारी नालाच्या आकाराची पट्टी, आणि तिला पुढून जोडलेले, गालांच्या बाहेरून कानांकडे जाणारे दोन हात. आतली पट्टी वरच्या रिमला टेकवायची. समोरून बघताना बाहेरचा भाग दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांच्या रेषेला समांतर हवा. बाजूने बघताना नाकपुडीच्या कडेपासून कानाच्या ट्रेगसपर्यंतच्या (कानाच्या छिद्रापुढचा छोटा उंचवटा) रेषेला. हीच कँपरची रेषा, अठराव्या शतकातल्या पेट्रुस कँपर या डच शरीरशास्त्रज्ञाच्या नावाची. फुटपट्टीने एका वेळी एकच बाजू कळते. इथे उजवीकडचं मेण उतरवलं की डावीकडे आणि समोर काय झालं तेही लगेच दिसतं.

मात्र प्लेन समांतर आहे का एवढंच हा सांगतो. तो किती उंचीवर हवा, हे ओठाला आणि जिभेलाच विचारावं लागतं. पुढची रिम मी २२ मिलिमीटरवर सुरू करतो, मग ओठ सैल सोडायला लावून १-२ मिलिमीटर दिसेल इतकी ठेवतो. वय झालेल्या माणसाचा ओठ लोंबलेला असेल तर त्याहून कमी. पुस्तकात ‘फ’ आणि ‘व’ म्हणायला लावा असं असतं. आमच्याकडचे बरेच आजी-आजोबा ‘फ’ दोन्ही ओठ मिटून म्हणतात, त्यामुळे ‘फळ’ म्हणवून काही हाती लागत नाही. ‘वावर’, ‘विहीर’, ‘वांगी’ म्हणायला लावा. रिमची कड खालच्या ओठाच्या ओल्या-कोरड्या सीमेवर नीट टेकते.

एका आजींची रिम समोरून चांगली जमली होती. मी म्हटलं, “आजी, जरा हसा बघू.” त्या म्हणाल्या, “हासते की, पण दात घोड्यावानी नका लावू डाक्टर.” मी आरसा हातात दिला. त्यांनी गालाबाहेर आलेले ते स्टीलचे हात बघितले आणि अशा खळखळून हसल्या की वरची बेस-प्लेटच (रिम जिच्यावर बसवतात ती तात्पुरती प्लेट) खाली आली. ओठ किती वर जातो ते मात्र मला त्या एका हसण्यात कळलं.

मागच्या बाजूला मी फॉक्स प्लेनवर सगळा भरवसा टाकत नाही. रेषा ट्रेगसच्या वरच्या टोकाला न्यायची, मधे की खाली, यावर पुस्तकांचं आजवर एकमत नाही, आणि तेवढ्याने काही अंशांचा फरक पडतो. खालच्या जबड्यात रेट्रोमोलर पॅडच्या (शेवटच्या दाढेमागचा मऊ उंचवटा) दोन-तृतीयांश उंचीची खूण मला जास्त खात्रीची वाटते. दोघांत भांडण लागलं तर मी पॅडचं ऐकतो. खालच्या कवळीचा प्लेन वर गेला की जिभेला घास दातांवर ढकलता येत नाही आणि कवळी उचलली जाते. फार खाली गेला की जीभ आणि गाल चावले जातात. “जेवताना कवळी नाचते” या तक्रारीमागे दर वेळी सैल कवळीच असते असं नाही.

आता त्रासाचं. आतली पट्टी रुंद आहे. गुटखा-सुपारीने तोंड उघडेनासं झालेल्या पेशंटमध्ये ती सरळ आत जातच नाही, तिथे पुन्हा लाकडी पट्टी. दुसरं, अंगठा एका बाजूला जरा जास्त दाबला गेला की बेस-प्लेट कलते आणि तिरका प्लेनही सरळ दिसतो. दोन्ही बाजूंना सारखा आधार द्यायची सवय लागायला वेळ जातो. खुर्ची उभी हवी, मान हेडरेस्टवर रेललेली नको, आणि आपले डोळे पेशंटच्या डोळ्यांच्या उंचीवर हवेत. आजोबांची टोपी कानावर आलेली असते, तीही आधी काढायला सांगायची.

चेहराच एकीकडे झुकलेला असेल तर हे अवजार फक्त इशारा देतं. लहानपणी पडून एका बाजूचा जबड्याचा सांधा जखडला, तर त्या बाजूचा खालचा जबडा आखूड राहतो आणि वरचाही तिकडे वर चढतो. अशा पेशंटच्या दातांत आडवी लाकडी पट्टी चावायला द्या. ३-४ अंशांपुढचा तिरकेपणा घरच्यांनाही दिसतो. दात घासून किंवा कॅप बसवून तो लपवायच्या फंदात पडू नये. तिथे एक्स-रे काढून जबड्याच्या सर्जनकडे पाठवायचं; ल फोर्ट १ ही वरच्या जबड्याची शस्त्रक्रिया करून तो सरळ करणं हे त्यांचं काम. आणि नैसर्गिक दात असून काही दात खाली लोंबलेले असतील तर दातांचं मॉडेल आर्टिक्युलेटरवर (जबड्यासारखी उघडझाप करणारं यंत्र) चढवून ब्रॉडरिक फ्लॅग, म्हणजे दातांच्या पातळीची कमान आखायचं साधन, वापरा. ती ४ इंच त्रिज्येची कमान तिथे उपयोगाची. फॉक्स प्लेनची सपाट पट्टी एकाच लोंबत्या दाढेवर अडकून बसते.

घेताना काचेच्या स्लॅबवर ठेवून बघा. मला आलेला पहिला नग डुगडुगत होता, बाहेरचा एक हात उचललेला. दुकानदाराने कुरकुरत बदलून दिला. जोडाच्या कडांवरून बोट फिरवा, ओठाच्या कोपऱ्याला तिथेच लागतं. स्टीलचा असेल तर ऑटोक्लेव्हची (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) काळजी नाही. माझ्याकडचा जुना प्लॅस्टिकचा उष्णतेने आधीच वाकडा झाला होता, तो आता लॅबवाल्या पोराने मेणाचे तुकडे ठेवायला नेलाय.

कवळ्या नियमित करत असाल तर पाचपैकी चार. वर्षाकाठी दोन-तीनच होत असतील तर फुटपट्टी आहेच; पैसे हॉट प्लेटमध्ये घाला, रिम सपाट वितळवायला ती प्रत्येक कवळीला लागेल.