पाच फेऱ्या, वीस फॉर्म आणि सहावी फेरी

काल दुपारी विमान कंपनीचा मेल आला. 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' लेकीच्या एकटीच्या विमानप्रवासासाठी भरलेले जादा पैसे परत आलेले नाहीत, का आले नाहीत ते लिहिलेलं नाही, पण तक्रार निघाली निकाली. खाली पाच तारे, 'आमच्या सेवेला किती गुण द्याल?' एवढ्याशा चौकटीत काय लिहिणार, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

लहान मुलांना एकट्याने विमानाने पाठवायची सोय असते हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. पाच वर्षं पूर्ण ते बारा, वेगळे पैसे भरायचे, कंपनीचा माणूस मूल इकडून ताब्यात घेतो आणि तिकडे नेमून दिलेल्या माणसाच्या ताब्यात देतो. काउंटरवरची मंडळी अशा मुलाला 'यूएम' (अनअकम्पनीड मायनर, म्हणजे सोबत मोठं कोणी नसलेलं मूल) म्हणतात. "एक यूएम आहे" असं वॉकीटॉकीवर म्हणतात तेव्हा पहिल्यांदा जरा कसंतरी होतं, मग सवय होते.

आमची लेक डोंबिवलीत माझ्याकडे असते, तिचे बाबा नागपूरला. का, ते इथे महत्त्वाचं नाही. सुट्ट्या निम्म्या-निम्म्या आहेत, कागदावर. तर मे 2024, दिवाळी 2024 आणि मे 2025 अशा तीन सुट्ट्या, जाऊन-येऊन सहा फेऱ्या. तिकीट त्यांच्याकडे, यूएमचा आकार माझ्याकडे, अशी वाटणी मीच सुचवली होती, कारण मला वाटलं आकार म्हणजे पाचशे-सातशे असेल. निघाला एका फेरीला पाच हजारांच्या आसपास. तिकीट होतं चार हजार दोनशे. म्हणजे मुलीपेक्षा मुलीचं बोट धरणं महाग. (प्रत्येक कंपनीचा दर वेगळा असतो आणि बदलतो, तुमचं तुम्ही विचारा. आणि मुलाचं अर्धं तिकीट वगैरे एसटीत. विमानात दोन वर्षं उलटली की बहुतेक ठिकाणी पूर्ण भाडं.)

रेल्वेने का नाही, असं माझ्या भावाने विचारलंच. विदर्भ आहे, सेवाग्राम आहे, रात्रभरात पोचतं. पोचतं, पण रेल्वेत तिला कोणी ताब्यात घेत नाही आणि कोणी ताब्यात देत नाही.

आता मुख्य विषय. फॉर्म.

मी अकाउंट्समध्ये आहे, कागदाचं मला वावडं नाही. व्हाउचर, पावती, दुय्यम प्रत यावर माझं पोट चालतं. पण हा फॉर्म चार प्रतींत भरायचा असतो, चारही हाताने, आणि मध्ये कार्बन नाही. मुलीचं नाव, वय, विमानाचा नंबर, सोडणाऱ्याचं नाव-पत्ता-फोन, घेणाऱ्याचं नाव-पत्ता-फोन, घेणाऱ्याचं मुलाशी नातं. खाली सह्यांची उतरंड: सोडणारा, काउंटरवाला, विमानातली क्रू, उतरल्यावरचा कर्मचारी, शेवटी घेणारा. पाच हजार घेणाऱ्या कंपनीला तीस रुपयांचं कार्बनचं पुडकं परवडत नाही? दुसऱ्या खेपेला मी शहाणपणा करून घरूनच छापून, भरून नेला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्याच कागदावर लागतो." कागद तोच! शब्दन् शब्द तोच! फक्त त्यांच्या प्रिंटरची शाई संपत आल्यामुळे फिका. वर पेन नाही. "पेन आहे का मॅडम?" तेव्हापासून दोन पेनं नेते, एक माझं, एक त्यांच्यासाठी.

हे सगळं करेपर्यंत तुम्ही उभे असता, कारण यूएमचं वेब चेक-इन होत नाही आणि लवकर बोलावतात. त्याआधी टर्मिनलच्या गेटवर सीआयएसएफचा जवान तिकीट मागतो. तिकीट लेकीचं, मी बिनतिकिटाची. मग बाहेरच्या खिडकीवरून माझा पास. विमान सुटेपर्यंत पालकाने विमानतळावर थांबायचं, असंही सांगतात. डोंबिवलीहून मुंबई विमानतळाचं टी-टू टर्मिनल गाठायचं म्हणजे लोकलने घाटकोपर, मेट्रोने मरोळ नाका, मग पुढे, आणि सोबत आजीने नातीच्या हाती दिलेली चकलीची पिशवी. थोडक्यात, दीड तासाच्या उड्डाणासाठी माझी पूर्ण रजा.

एवढं लिहून झाल्यावर मीच याला दोन तारे दिले असते. मे 2024 मध्ये पहिल्याच फेरीला जे झालं त्यामुळे तीन.

विमान नागपूरला उतरलं. लेक गळ्यात कागदपत्रांचं पाकीट अडकवून, एका कर्मचारी मुलीसोबत बाहेर आली. घ्यायला आले होते तिचे काका. फॉर्मवर नाव बाबांचं. बाबांची मीटिंग लांबली म्हणून त्यांनी भावाला पाठवलेलं, मला न विचारता. ती कर्मचारी म्हणाली, नाव जुळत नाही, देणार नाही. लेक "काका!" म्हणून ओरडतेय, काका फोनमधले तिच्या बारशाचे फोटो दाखवतायत, आडनाव एकच, नाक एकच. नाही म्हणजे नाही. काकांनी मला फोन लावला. पलीकडून आवाज, "वहिनी, सांगा ना बाप्पा हिले, मी काय पोरगी पळवून नेऊन राह्यलो काय!" मी त्या कर्मचारी मुलीशी बोलले. ती म्हणाली, "मॅडम, फोनवर मला कसं कळणार तुम्ही आई आहात ते?" बरोबर होतं. पन्नास मिनिटं ती लेकीला घेऊन खुर्चीवर बसली. बाबा धावत आले, आधार दाखवलं, चारही प्रतींवर सह्या केल्या, मग पोर सुटली.

नंतर मला दोन्ही बाजूंनी बोलणी बसली. पण त्या संध्याकाळी घरी एकटीने चहा पिताना माझे पाच हजार वसूल झाले होते, हे कबूल करते. 'सही करून घेतली' ही गोष्ट आयुष्यात सगळ्याच बाबतीत मिळत नाही.

दिवाळीच्या परतीला आणखी अर्धा तारा वाढला. विमान तीन तास उशिरा. दोन तासांच्या वर उशीर झाला की अशा छोट्या पल्ल्याच्या प्रवाशांना खाणं-पिणं देणं डीजीसीएच्या, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या, नियमात आहे, पण ते घ्यायला मोठ्यांची रांग लागते. नऊ-दहा किलोची सॅक सांभाळत मूल कुठे उभं राहणार? मी इकडे टी-टूच्या बाहेर येरझारा घालतेय, आणि अनोळखी नंबरवरून फोन. "मॅडम, ती जेवली. उपमा नको म्हणाली, पोहे खाल्ले." बास, एवढंच. नाव विचारायचं राहिलं. कस्टमर केअरला फोन केला की अकरा मिनिटं सतार वाजते, आणि ही पोरगी आपल्या मोबाइलवरून सांगते की पोहे खाल्ले. एकाच कंपनीत दोन्ही कसं असतं कोण जाणे.

आता सहावी फेरी.

लेकीचा वाढदिवस 14 मे. 2025 ला बारा पूर्ण. जाणं 3 मेला, येणं 26 मेला. तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. आणि ज्याच्या यायला हवं होतं त्या बुकिंगवाल्याच्याही नाही. एकट्या मुलाचं तिकीट आम्हाला वेबसाइटवर काढता आलं नव्हतं, कॉल सेंटरलाच फोन करावा लागला. त्यांनी जन्मतारीख विचारली, मी सांगितली, त्यांनी ती परत वाचून दाखवली आणि जायचा-यायचा दोन्हीकडचा आकार घेतला.

26 मेला सकाळी पावणेअकराला तिच्या बाबांचा फोन.

"घेत नाहीयेत."

"काय घेत नाहीत?"

"फॉर्म. ती मोठी झाली म्हणतात."

प्रवासाच्या दिवशीचं वय धरतात. बारा पूर्ण म्हणजे विमान कंपनीच्या लेखी ती मोठी माणूस, तुमच्या-माझ्यासारखी. एकटी जाऊ शकते, आणि या कंपनीत यूएम होऊ शकत नाही, पैसे देऊनही. त्यांनी फॉर्म भरलेले होते. चार प्रती, हाताने. तेवढ्यापुरती मला त्या माणसाबद्दल थोडी माया वाटली. (याच डीजीसीएने एप्रिल 2024 मध्ये कंपन्यांना सांगितलंय की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला सोबतच्या आई-बाबांपैकी एकाच्या शेजारी तरी बसवा. म्हणजे बारापर्यंत शेजारची सीटसुद्धा सोडायची नाही, आणि बारा उलटली की जा बाई, गेट नंबर चार.)

काय करायचं? मी म्हटलं, पाठवा. दुसरा इलाज काय होता? तिच्याकडे फोन नव्हता. यूएमला लागत नाही म्हणून कधी दिलाच नाही.

आणि 26 मे म्हणजे कोणता दिवस, मुंबईकरांना सांगायला नको. मोसमी पाऊस मुंबईत इतक्या लवकर आल्याची नोंद नव्हती, तो त्या दिवशी आला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी लोकलमध्ये, आणि लोकल कुर्ल्याच्या अलीकडे, विक्रोळीच्या जवळ, ठप्प. खिडकीबाहेर पाणी, आत घामट गर्दी. फोनवर मी विमानाचा नंबर टाकून बसलेले. उतरलं असं दिसलं तेव्हा मी अजून घाटकोपरलाही नव्हते.

ते पाऊण तास मी सांगणार नाही.

मेट्रोत असताना अनोळखी नंबर. कोणी काकू होत्या, अकोल्याकडच्या, बोलण्यावरून. "तुमच्या मुलीला बोला." लेक म्हणाली, "आई, मी पट्ट्याजवळ आहे. बॅग आली. मी बाहेर नाही पडले."

"का गं?"

"सही नाही झाली ना कोणाची. म्हणून मग इथेच खुर्चीवर बसले. या काकू थांबल्यात माझ्याजवळ."

पाच वेळा तिने पाहिलं होतं की घेणारा आला, कागदावर सही झाली, मगच हात सुटतो. सहाव्या वेळी कागद नव्हता, तर तिने नियम स्वतःच पाळला. ज्या फॉर्मला मी वर्षभर शिव्या घातल्या त्याने माझ्या पोरीला सामानाच्या पट्ट्याजवळ बसवून ठेवलं. तरी कार्बनबद्दलचं माझं मत तेच आहे.

मरोळ नाक्याहून नव्या भुयारी मेट्रोने एकच स्टेशन. ओलीचिंब पोचले. काकूंच्या फोनवर परत लावला, ये म्हटलं. काचेच्या दारातून लेक आली. एका हातात ट्रॉली, दुसऱ्यात संत्रा बर्फीचा डबा. काकूंनी लांबूनच हात केला आणि त्यांच्या जावयाच्या गाडीकडे गेल्या. मी उभी होते, हातात आधार कार्ड काढून, सवयीने. लेकीने ते बघितलं.

"आई, आत ठेव ते. कोणी बघत नाही आता."

तर रिफंड. जी सेवा दिलीच नाही, तिचे पैसे. पहिलं उत्तर: 'हा आकार परत मिळण्यासारखा नाही.' मी लिहिलं, सेवा वापरून झाल्यावर परत मिळत नसेल, तुम्ही तर दिलीच नाही. दुसरं उत्तर: 'वयाची माहिती देणं ही पालकांची जबाबदारी.' मी लिहिलं, जन्मतारीख दिली होती, कॉल रेकॉर्ड होतो असं तुम्हीच सुरुवातीला सांगता, ऐका. तिसरं उत्तर कालचं, निकाली. आज सकाळी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकली आहे. तिकीट, पावती आणि बाबांनी नागपूरला भरलेल्या, कोणी न घेतलेल्या चार प्रतींचे फोटो जोडलेत. तोच पुरावा. त्यांनी त्या जपून ठेवल्या होत्या, याचं मात्र आश्चर्य वाटलं.

पाठवायचं असेल तर माझं मत: पाच ते अकराच्या मुलाला बिनधास्त पाठवा, थेट विमान असेल तरच, घेणारा माणूस फॉर्मवर लिहिलेलाच जाऊ दे, त्याच्या आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर तेच लिहा, फोनवर 'आण्णा' सेव्ह असेल तर 'आण्णा' लिहू नका. पेनं दोन न्या. परतीच्या तारखेला मुलाचं वय किती होतं ते बोटांवर मोजा, कॉल सेंटरच्या भरवशावर राहू नका. आणि मुलाला एक साधा बटणांचा फोन द्या, यूएम असो नसो. आम्ही घेतला, बाराशेला. समृद्धी महामार्ग आता भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण सुरू झालाय, 701 किलोमीटर, तर पुढच्या वेळी गाडीनेच न्यायला येतो असं तिच्या बाबांचं म्हणणं आहे. येणं 701, जाणं 701, आणि दिवाळीनंतर परत तेच. मी टोल आणि पेट्रोलचा हिशोब करून पाठवला, उत्तर आलेलं नाही.

लेकीला विमानच हवंय. ती खूश आहे. यूएमला दरवेळी पुढच्या रांगांत, क्रूच्या नजरेसमोर बसवायचे, बहुतेकदा कडेला. आता मोठी झाल्यामुळे तिला सीट निवडता येणार, आणि दिवाळीला खिडकीच हवी असं तिने आत्ताच सांगून ठेवलंय. खिडकीचे साडेतीनशे वेगळे पडतात. ते तिकिटात धरायचे की आकारात, यावर आमचं अजून ठरायचंय. माझ्या मते तिकिटात.