गाण्यांतून जर्मन : सात महिन्यांनंतर, एका ‘एस’साठी

काल रात्रपाळीहून घरी आले आणि बँकेचा मेसेज पाहिला. १,४९९ रुपये कापले गेलेत. गाण्यांवरून जर्मन शिकवणाऱ्या ॲपची सहामाही वर्गणी, मला न विचारता. परीक्षा झाल्यावर निवांत लिहिणार होते, पण आता आजच लिहिते.

ॲप कसं चालतं ते माहीत असेलच : गाणं वाजतं, ओळीतला गाळलेला शब्द आपण भरायचा. मी सोलापुरात स्टाफ नर्स आहे. जर्मनीत नर्सिंगच्या मान्यतेसाठी साधारण बी-टू ही भाषेची पातळी लागतं, माझी सध्या तिच्या खालच्या पातळीची, बी-वनची तयारी चालू आहे. विजापूर रोडवरून ड्युटीला जाताना रिक्षात रोज एक गाणं करून होतं.

पहिले दोन महिने खूप आनंदात गेले. नेना या जर्मन बँडच्या १९८३च्या ‘नॉयनउंडनॉयनत्सिश लुफ्टबालोन्स’ (नव्व्याण्णव फुगे) या गाण्याने आकड्यांची भीती घालवली. नव्व्याण्णव म्हणजे ‘नऊ आणि नव्वद’, एकक आधी. आपलं पंचवीस, बत्तीस तसंच आहे. इंग्रजीतून विचार केला की इथे अडखळायला होतं, मराठीतून केला की सरळ जमतं.

मग आलं रामश्टाइन या बँडचं १९९७चं ‘डू हास्ट’. ‘हास्ट’ एका ‘एस’ने लिहिलं तर ‘हाबेन’चं रूप, म्हणजे इंग्रजीतलं ‘हॅव’. दोन ‘एस’ने लिहिलं तर ‘हासेन’चं, म्हणजे तिरस्कार करणं. उच्चार अगदी एकच. ‘डू हास्ट मिश’ एवढंच कानावर पडलं की ‘तू माझा तिरस्कार करतेस’ असं वाटतं. पुढे ‘गेफ्राग्ट’ आलं की उलगडतं : ‘तू मला विचारलंस’. शेवटच्या क्रियापदापर्यंत थांबायचं, हे मला या एका ओळीने शिकवलं. आणि या पूर्ण ओळीतच ॲप दोन ‘एस’ मागत होतं! एक ‘एस’ लिहिला की लाल फुली. तीनदा तक्रार केली. १९ दिवसांनी उत्तर आलं की गाण्यांचे बोल दुसऱ्या कंपनीकडून येतात. अहो, पण पैसे तर तुम्ही घेता ना? वॉर्डात औषधाच्या नावातलं एक अक्षर चुकलं तर आम्ही असं उत्तर देऊ शकतो का? ज्याला भाषा येत नाही तो तर हेच बरोबर समजून पाठ करणार.

त्या रागात गाणीच सोडली. दीड महिना नुसते व्याकरणाचे तक्ते गिरवले, आणि डाटिव्ह ही विभक्ती काही डोक्यात बसेना.

एका संध्याकाळी आईला घेऊन सिद्धेश्वरला गेले होते. तलावाकडे बघत बसले असताना पेटर फॉक्स या गायकाचं २००८चं ‘हाउस आम झे’ आठवलं. तळ्याकाठचं घर. ‘आम’ म्हणजे ‘आन’ (काठी) अधिक ‘डेम’ (डाटिव्हमधलं आर्टिकल, म्हणजे इंग्रजी ‘द’सारखा नामाआधीचा शब्द). घर जागेवर उभं आहे, कुठे जात नाही, म्हणून डाटिव्ह. पुल्लिंगी ‘झे’ म्हणजे तळं, स्त्रीलिंगी ‘झे’ म्हणजे समुद्र, आणि समुद्राकाठचं असतं तर ‘आन डेअर झे’ झालं असतं. आपण ‘तळं’चं ‘तळ्या’ करतो, शब्दच वाकवतो. ते बहुतेक वेळा शब्द तसाच ठेवून आर्टिकल वाकवतात. तक्त्यांनी दीड महिन्यात जे झालं नाही ते तिथे पाच मिनिटांत झालं. तेव्हा मत बदललं. गाण्यांवर राग धरणं चूक होतं.

आता गाणं मोफत ऐकते, बोल हाताने वहीत उतरवते, प्रत्येक नामाचं आर्टिकल लाल शाईने, शंका आली की शब्दकोश. एक मात्र सांभाळा : गाण्यात ‘आइने’चं (म्हणजे ‘एक’चं) नुसतं ‘ने’ होतं. ते पत्रात लिहू नका. सराव परीक्षेत मी लिहिलं आणि गुण गेले. ऐकण्याच्या भागात मात्र ३०पैकी २४ मिळाले, आणि ते गाण्यांमुळेच.

वर्गणी रद्द केली आहे, पैसे परत मागितले आहेत. आज सकाळी पुन्हा तपासलं. ते दोन ‘एस’ अजून तसेच आहेत.